मोटारीचे इंजिन विमानात किती पेट्रोल पिते?

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात उन्हाळी धान घेणारा शेतकरी डिझेल पंपाचा हिशेब तासावर सांगतो. बोडीतले किंवा नाल्यातले पाणी उचलून बांधीत सोडायचे असते, पाच एचपीचे इंजिन सकाळपासून एका लयीत धडधडत राहते, आणि खर्च विचारला की उत्तर येते, "तासाला लिटर, सव्वा लिटर." हाच शेतकरी मोटारसायकलबद्दल बोलताना मात्र किलोमीटरवर येतो, "ॲव्हरेज साठ देते." कोणी शिकवले नसताना त्याने दोन यंत्रांना दोन मापे लावलेली असतात आणि ती अगदी बरोबर असतात. मोटारसायकलीचे इंजिन कधी जोरात रेस होते, कधी नुसते फुरफुरते, उतारावर तर जवळजवळ फुकट चालते. पंपाच्या इंजिनावर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत जवळजवळ पूर्ण भार असतो.

विमानाचे इंजिन या पंपाच्या जातीचे आहे. ही एक गोष्ट पक्की धरली की मोटारीचे इंजिन विमानात बसवले तर पेट्रोल किती लागेल, या प्रश्नाचा निम्मा गुंता सुटतो. घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांत या प्रश्नावर जगभर अनेक दशके वाद चालू आहे. त्यातले बहुतेक वाद पंपाला मोटारसायकलचे माप लावल्यामुळे झाले आहेत, असे माझे मत आहे.

घरी विमान बांधण्याचा विषय महाराष्ट्रात निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव येतेच. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याने चाचणी उड्डाण केले. विमान गच्चीवर बांधून होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पण इंजिन गच्चीवर ओतता येत नाही, ते कुठून तरी आणावे लागते. विमानासाठीच बनलेले प्रमाणित इंजिन आणायचे तर त्याची किंमत बांधणाऱ्याच्या बाकी सगळ्या खर्चाच्या तोडीस तोड जाते. म्हणून जगभरच्या हौशी माणसांची नजर वळते ती मोटारीच्या इंजिनाकडे. ते स्वस्त असते, त्याचे सुटे भाग कुठल्याही शहरात मिळतात आणि ते उघडून जोडणारा मिस्त्री गल्लीत सापडतो.

ही वाट जुनी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल या माणसाने १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन आपल्या दोन आसनी लाकडी विमानात बसवले आणि उडवले. चाळीस एचपी, ३.३ लिटरचे चार सिलिंडर, कॉम्प्रेशन जेमतेम सव्वाचारास एक. इंजिनावर उभा केलेला रेडिएटर वैमानिकाच्या डोळ्यांसमोर भिंतीसारखा यायचा आणि पुढचे पाहायला मान वाकडी करावी लागायची. तरी हे रूपांतर जमले, कारण मॉडेल एचे इंजिन मोठे आणि संथ होते. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ते आपली बहुतेक ताकद द्यायचे, आणि या वेगावर पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडता येतो. पुढे जर्मन फोक्सवॅगन बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन आले, अमेरिकन शेव्हरोले कॉर्व्हेअरचे सहा सिलिंडरचे आले, मग सुबारू, माझदाचे रोटरी, होंडा. सुझुकीच्या जी-१० आणि जी-१३ या छोट्या इंजिनांचीही अमेरिकेत हलक्या विमानांसाठी रूपांतरे झाली. यातले जी-१३ आपल्याला मुळीच परके नाही. मारुती एस्टीम आणि जिप्सी किंगच्या बॉनेटखाली याच घराण्याचे १२९८ सीसीचे इंजिन होते. नागझिऱ्याच्या जंगलात जिप्सीतून फिरलेल्या माणसाने त्याचा आवाज ऐकलेला आहे.

आता पेट्रोलकडे येऊ. इंजिन किती पिते हे मोजायचे खरे माप म्हणजे एक एचपी ताकद एक तासभर देण्यासाठी किती ग्रॅम इंधन जळले. लिटरपेक्षा ग्रॅम बरे, कारण उन्हात पेट्रोल फुगते, थंडीत आकसते, वजन मात्र तेवढेच राहते. चांगल्या स्थितीतले पेट्रोल इंजिन भाराखाली चालत असताना एका एचपीला तासाला साधारण २०० ग्रॅम पेट्रोल जाळते. थोडे बरे इंजिन असेल तर १९०, थोडे उधळे असेल तर २२०. या आकड्याची खरी गंमत अशी की तो इंजिनावरच्या कंपनीच्या नावाने फारसा बदलत नाही.

हिशेब मांडून पाहा. शंभर एचपीचे इंजिन आहे आणि विमान सरळ उडताना त्याची पाऊण ताकद वापरते आहे, म्हणजे ७५ एचपी. दर एचपीला २०० ग्रॅम, म्हणजे तासाला १५ किलो. पेट्रोलचा लिटर साधारण ७३० ग्रॅम भरतो, तेव्हा हे झाले साडेवीस लिटर. शंभर एचपीच्या कॉर्व्हेअर रूपांतराचा खर्च याच्याच आसपास येतो. ऐंशी एचपीचे रोटॅक्स ९१२ हे इंजिन मुळात विमानासाठीच बनलेले, तेही पाऊण ताकदीवर तासाला सोळा-सतरा लिटर घेते. सेस्ना १७२ मधले १६० एचपीचे लायकमिंग हे पारंपरिक विमान इंजिन नीट चालवले तर बत्तीस ते चौतीस लिटरवर येते. तीनही आकडे २०० ग्रॅमच्या गणितात चपखल बसतात.

याच गणिताने खोटे दावेही पकडता येतात. समजा कोणी म्हणाले, माझे रूपांतरित इंजिन ७५ एचपी देत असताना तासाला दहा लिटरच पिते. दहा लिटर पेट्रोल म्हणजे ७.३ किलो. किलोला ४३.५ मेगाज्यूल ऊर्जा धरली तर तासभरात सुमारे ८८ किलोवॉट-तास ऊर्जा इंजिनात गेली, आणि ७५ एचपी म्हणजे तासभरात ५६ किलोवॉट-तास बाहेर आली. कार्यक्षमता झाली ६३ टक्के. टोयोटासारखी कंपनी सगळी विद्या पणाला लावून आपल्या उत्तम पेट्रोल इंजिनातून ४० ते ४१ टक्के काढते, तेही इंजिनाच्या आवडत्या वेगावर आणि भारावर. तेव्हा दहा लिटरवाला माणूस खोटे बोलत नसेलही, पण त्याचे इंजिन त्या वेळी ७५ एचपी देत नव्हते, एवढे नक्की. बहुधा चाळीसही देत नव्हते.

मग मोटारीचे इंजिन रस्त्यावर एवढे काटकसरी का वाटते? कारण रस्त्यावर त्याच्याकडून फारसे काही मागितलेच जात नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर देवरीहून साकोलीकडे ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीला हवेशी आणि रस्त्याशी झगडायला दहा-अकरा एचपी पुरतात. गाडी लिटरला वीस किलोमीटर देत असेल तर तासाला चार लिटर जळले, म्हणजे जवळजवळ तीन किलो. भागाकार करा: एका एचपीला २७०-२८० ग्रॅम. विमानात हेच इंजिन २०० ते २१५ ग्रॅमवर येते! रस्त्यावर ज्याच्या ॲव्हरेजचे कौतुक होते ते इंजिन तिथे खरे तर उधळेपणाने चालत असते. काम थोडे असल्यामुळे तो उधळेपणा खिशाला जाणवत नाही, इतकेच.

उधळेपणाचे कारण थ्रॉटल. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची म्हणजे हवेची वाट अरुंद करायची. अर्धवट मिटलेल्या त्या झडपेतून हवा ओढून घेताना पिस्टनला पोकळीशी झुंजावे लागते आणि ती मेहनत पेट्रोलमधूनच वसूल होते. शिवाय पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप यांचे घर्षण इंजिनाने दहा एचपी दिले काय नि सत्तर दिले काय, बरेचसे तेवढेच राहते. दहा एचपीत त्याचा वाटा मोठा दिसतो, सत्तरात तो बुडून जातो. विमानात थ्रॉटल बहुतांशी उघडे असते, म्हणून दर एचपीचा खर्च सुधारतो. पण मागणी सातपट झालेली असते आणि पेट्रोल मागणीच्या हिशेबाने जाते. "मोटारीत हे इंजिन वीस देत होते, विमानात निदान पंधरा तरी देईल" ही आशा इथेच कोसळते.

नवशिक्या बांधणाऱ्याचा दुसरा ठाम समज असतो तो असा की विमानाची पारंपरिक इंजिने १९५०च्या दशकातली, कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटोवर चालणारी, तर मोटारीच्या आधुनिक इंजिनात कॉम्प्युटर, इंजेक्शन, चार-चार व्हॉल्व्ह. तेव्हा नवे जुन्याला सहज मागे टाकणार. कॉम्प्रेशन, ठिणगीची वेळ, प्रत्येक सिलिंडरला सारखे पेट्रोल या सगळ्यात नवे इंजिन सरस आहे, यात शंका नाही. तरी खर्चात लायकमिंग त्याच्या बरोबरीने उभे राहते. त्याचे एक कारण वेग. लायकमिंगचे मोठाले पिस्टन मिनिटाला २४००-२५०० फेऱ्यांत काम भागवतात. मोटारीच्या इंजिनाला तेवढीच ताकद द्यायला पाच हजारांच्या आसपास फिरावे लागते, आणि फेऱ्यांबरोबर घर्षण चढत जाते.

दुसरे कारण लहान आहे पण पाहण्याजोगे आहे. जुन्या प्रशिक्षण विमानाच्या डॅशबोर्डवर थ्रॉटलच्या शेजारी एक लाल मूठ असते, तिला मिक्स्चर म्हणतात. विमान उंची गाठून सरळ झाले की वैमानिक ती मूठ हळूहळू, बोटाच्या पेराएवढी बाहेर ओढतो. एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा चढू लागतो. फेऱ्या किंचित वाढतात. आणखी थोडी ओढली की काटा शिखरावर थबकतो आणि उलट फिरतो, आणि इंजिन किंचित खडबडते. तेव्हा मूठ केसभर आत. एवढ्याशा हालचालीत हवा आणि पेट्रोलचे प्रमाण साडेबारास एकवरून सोळास एकपर्यंत जाते आणि दर एचपीचे पेट्रोल पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते. मोटारीतला कॉम्प्युटर हे काम स्वतः करतो खरा, पण तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने प्रमाण १४.७ वर धरून ठेवतो, कारण धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला तेच मानवते. आणि पाय दाबून पूर्ण ताकद मागितली की तोच कॉम्प्युटर व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून जास्तीचे पेट्रोल ओततो. मोटारीला पूर्ण ताकद ओव्हरटेक करतानाचे काही सेकंद लागते, विमानाला चढताना सलग दहा-पंधरा मिनिटे. कॉम्प्युटरचा मूळ नकाशा न बदलता इंजिन विमानात बसवणारा माणूस प्रत्येक चढाईला हे जादाचे पेट्रोल जाळत राहतो.

पाच हजार फेऱ्या हा आकडा आणखी एका कारणाने अडतो. १.८ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० वेळा फिरला तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे २५५ मीटर कापते. तोच ५५०० वर फिरवला तर टोक ५१८ मीटरवर, म्हणजे ध्वनीच्या दीडपट वेगावर जाईल. पंखा नुसती किंकाळी फोडेल, ओढणार काहीच नाही. म्हणून मध्ये गिअर किंवा रुंद दातेरी पट्टा घालून फेऱ्या निम्म्यावर आणाव्या लागतात. त्यात दोन-तीन टक्के ताकद जाते. बीटलच्या इंजिनाला लोक गिअर लावत नाहीत, ते लहान पंखा तीन हजारांवर थेट फिरवतात. तिथे हलक्या, संथ विमानात लहान पंख्याची ओढ कमी पडते आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर लागतो, रेडिएटर हवेत उभा केला की तो विमानाला मागे ओढतो. रेडिएटरची हवेची वाट नीट आखली नाही, तर इंजिनाने वाचवलेले सगळे पेट्रोल हा एकटा रेडिएटर गिळतो.

वजनाकडे मी सगळ्यात गंभीरपणे पाहीन. गिअरबॉक्स, रेडिएटर, पाणी, पाइप आणि दुसरी बॅटरी मिळून तीस किलो जादा झाले असे धरा. सपाटीवर उडताना या तीस किलोंमुळे पेट्रोलचा खर्च फार वाढत नाही. पण छोट्या विमानाचे एकूण वजन ठरलेले असते, आणि ते तीस किलो कुठून तरी वजा होतात. माणसे तर वजा करता येत नाहीत. वजा होते ते टाकीतले पेट्रोल. तीस किलो म्हणजे एकेचाळीस लिटर, म्हणजे आपल्या शंभर एचपीच्या विमानाचे दोन तासांचे उड्डाण. तासाला एक लिटर वाचवणारे इंजिन बसवून टाकीतले दोन तास घालवणे हा सौदा मला तरी कधी पटला नाही.

माझदाच्या रोटरी इंजिनाबद्दल एकच वाक्य पुरे: हलके, भरवशाचे, पण त्याची जळण्याची जागा लांबट आणि चपटी असल्यामुळे पिस्टनच्या इंजिनापेक्षा ते दर एचपीला जास्तच पिते.

हे सगळे असताना अमक्याचे विमान एवढ्यातच भागवते, अशा सुरस गोष्टी येतात कुठून? बहुतेक वेळा वेगातून. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २०० ऐवजी १८० ने उडाले तर ताकद २७ टक्के कमी लागते आणि दर किलोमीटरचे पेट्रोल १९ टक्के वाचते. मोटारीचे इंजिन बसवलेला माणूस ते जपून, जरा हळू चालवतो. गिअरबॉक्सची काळजी असते, पाण्याच्या तापमानावर डोळा असतो. बचत होते ती त्या जपण्याची, आणि श्रेय जाते इंजिनाला. त्याच विमानात लायकमिंग तेवढेच हळू चालवले तर तेही तेवढेच वाचवते. तासांचे मीटर हा आणखी एक चकवा. ते इंजिन सुरू होताच फिरू लागते. धावपट्टीकडे सरकताना, थांबून वाट पाहताना इंजिन तासाला तीन-चार लिटरवर फुरफुरत असते. ती सगळी मिनिटे उड्डाणाच्या तासांत मिसळली की सरासरी देखणी दिसते. खरे माप हवे असेल तर विमान सपाट जागेवर उभे करून टाकी काठोकाठ भरायची, एकाच उंचीवर आणि एकाच वेगाने निदान दोन तास उडायचे, त्याच जागी परतून पुन्हा काठोकाठ भरायची, आणि चढाईचे पेट्रोल वेगळ्या उड्डाणात मोजून वजा करायचे. बरोबर वेग, उंची, तापमान आणि पंख्याच्या फेऱ्या लिहून ठेवायच्या. या चार नोंदी नसतील तर लिटरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आपल्या भागात तापमानाची नोंद तर विसरून चालणारच नाही. देवरी-गोंदियाचा परिसर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की इथली हवा साधारण १४०० ते १५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून ताकद घटते. पंख आणि पंखा दोघांनाही पकड कमी मिळते, म्हणून चढाई लांबते. आणि नेमके तेव्हाच इंजिन तापते. हवेने थंड होणारी बीटल किंवा कॉर्व्हेअरची इंजिने अशा वेळी मुद्दाम जास्त पेट्रोल देऊन थंड ठेवावी लागतात, कारण न जळलेले पेट्रोल वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता घेऊन जाते. थंड देशातल्या कुणाचा खर्चाचा आकडा विदर्भाच्या मे महिन्याला लावायचा तर त्यात बरीच भर घालावी लागेल.

लिटर सारखेच लागणार असतील तर मोटारीच्या इंजिनाचा फायदा काय? पैशांचा. जुन्या जातीच्या बऱ्याच विमान इंजिनांना ॲव्हगॅस १०० एलएल हे खास पेट्रोल लागते. त्यात इंजिनातला ठोका (नॉकिंग) टाळण्यासाठी अजूनही शिसे मिसळतात. रस्त्यावरच्या पेट्रोलमधून आपण ते केव्हाच हद्दपार केले. भारतात हे इंधन वर्षानुवर्षे परदेशातून यायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. तरी ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. मोटारीचे इंजिन मात्र साध्या पंपावरच्या पेट्रोलवर वाढलेले असते. उलट ॲव्हगॅसमधले शिसे त्याच्या ऑक्सिजन सेन्सरचा जीव घेते.

पण गेल्या काही वर्षांत भारतात या फायद्याला मोठे भोक पडले आहे, आणि ते आहे इथेनॉलचे. फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्रास झाले आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. साडेवीस लिटरचा खर्च बाविसाकडे सरकतो. हे सोसता येईल. न सोसण्याजोगे आहे ते पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी जमले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. वर उंचीवर थंडी लागली की हे लवकर घडते. गाडीत असे झाले तर ती रस्त्याच्या कडेला थांबते. विमानाला कडेला थांबायची सोय नाही. शिवाय फायबरच्या टाक्या, जुने रबरी पाइप आणि सील यांना ते मानवत नाही. रोटॅक्सने आपल्या ९१२ इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगितलेले आहे. तेव्हा "पंपावर जाऊ, कॅन भरू आणि उडू" हा मोटारीच्या इंजिनाचा सगळ्यात मोठा आधार आपल्याकडे आज डळमळीत आहे. नवे रूपांतर करणाऱ्याने टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा प्रत्येक तुकडा ई-२० सोसतो का, हे सगळ्यात आधी तपासले पाहिजे.

राहिले डिझेल. इथे मोटारीचे इंजिन खरोखर जिंकले आहे, आणि त्याचा धागा गोंदिया जिल्ह्यापर्यंत येतो. बिरसीच्या धावपट्टीवर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून काढलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तिथली मुले ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीच्या डीए-४० आणि डीए-४२ या विमानांवर शिकतात. डायमंडच्या या विमानांची काही मॉडेल्स पेट्रोलवर चालतात, काही डिझेल इंजिनावर. आणि ते डिझेल इंजिन मुळात मोटारीचे आहे. पहिले रूपांतर जर्मनीच्या थीलर्ट कंपनीने केले: मर्सिडीज ए-क्लासचे १.७ लिटरचे इंजिन, १३५ एचपी, २००२ मध्ये प्रमाणित. पुढे डायमंडने स्वतःच ऑस्ट्रो इंजिन ही कंपनी काढली. तिचे एई-३०० हे १६८ एचपीचे इंजिनही मर्सिडीजच्याच दोन लिटरच्या मोटार इंजिनावर बेतलेले आहे, आणि त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. पंपावरचे डिझेल नाही, तर जेट विमानांचे एटीएफ हे इंधन त्यात भरतात, जे लहान-मोठ्या विमानतळांवर सहज असते.

डिझेलमध्ये थ्रॉटलची पोकळी नाही आणि कॉम्प्रेशन भक्कम, त्यामुळे एका एचपीला २०० ऐवजी १६० ग्रॅमच्या आसपास भागते. १६ ऑगस्ट २००४ रोजी थीलर्टची दोन इंजिने लावलेले डीए-४२ कॅनडाच्या सेंट जॉन्सहून निघाले आणि न थांबता अटलांटिक ओलांडून साडेबारा तासांनी पोर्तुगालच्या पोर्तोला उतरले. दोन्ही इंजिने मिळून तासाला सरासरी २१.७ लिटर. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. नाक्यावरच्या भाषेत ॲव्हरेज काढायचेच तर लिटरला जवळजवळ तेरा किलोमीटर, तेही दोन इंजिनांच्या विमानाचे!

मात्र या यशाची किंमत वसूल झाली ती गिअरबॉक्सकडून. डिझेलचे ठोके जोरकस असतात, ते पंख्यापर्यंत पोचू नयेत म्हणून मध्ये क्लच आणि गिअर. थीलर्टच्या इंजिनात ही जोडणी दर ३०० तासांनी काढून तपासावी लागे. एप्रिल २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा ज्यांनी डिझेलच्या बचतीवर संसार मांडला होता, त्यांची बचत सुट्या भागांच्या किमतीत वाहून गेली. हौशी बांधणाऱ्याने लिटरच्या शेजारी तासामागे गिअरबॉक्सचा खर्च लिहिला नाही, तर त्याचा ताळेबंद अपुराच राहतो.

आणि वजन इथेही आडवे येते. एई-३०० भरते १८५ किलोच्या आसपास. तेवढ्याच ताकदीचे लायकमिंग सव्वाशे-एकशेतीस किलोत येते. फरक ५५ किलोंचा. शंभर एचपीवर उडताना डिझेल इंजिन तासाला चार किलो इंधन वाचवते. म्हणजे इंजिनाचे जादा वजन वाचलेल्या इंधनाच्या वजनाने भरून निघायला चौदा तास सलग उडावे लागेल. अटलांटिक ओलांडणाऱ्याला हा सौदा जवळपास बरोबरीत सुटतो. बिरसीहून नागपूरला जाऊन तासा-दीड तासात परतणाऱ्या दोन आसनी घरबांधणीच्या विमानाला मात्र इंजिन आणि टाकी मिळून हलके पडते ते पेट्रोलच. डिझेल त्याला परवडेल ते फक्त ॲव्हगॅस आणि एटीएफच्या भावांतल्या फरकावर, आणि तेही वर्षाला शेकडो तास उडणार असेल तर.